लीगआधी संघ कसे जोखायचे: कॅलिफोर्नियातल्या हायस्कूल मुलींच्या बास्केटबॉलबद्दल

एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सॅन होजेजवळच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये अकरावीला आहे. शाळेच्या वृत्तपत्रासाठी तिला जानेवारीत सुरू होणाऱ्या लीगमधल्या (जवळपासच्या शाळांच्या साखळी स्पर्धेतल्या) सातही मुलींच्या संघांवर लेख लिहायचा आहे. वडील नागपूरला विद्यापीठाकडून खेळलेले, त्यामुळे खेळ कळतो. पण समोरच्या तक्त्यात एक संघ ९-२ (नऊ विजय, दोन पराभव) आणि दुसरा ४-७ दिसतो, आणि कुणाला वर ठेवायचं ते ठरत नाही.

४-७ वाला वर असू शकतो, आणि असं पुष्कळदा होतं. लीगआधीच्या सामन्यांमधले प्रतिस्पर्धी कोच स्वतः निवडतो. कुणी मुलींना जिंकायची सवय लागावी म्हणून सोपे संघ घेतो, तर कुणी मुद्दाम तगड्या स्पर्धांत जाऊन मार खातो. त्यामुळे डिसेंबरचा जय-पराजय संघापेक्षा वेळापत्रकाबद्दल जास्त सांगतो. शिवाय डिसेंबरात मैदानावर असलेला संघ आणि जानेवारीत उतरणारा संघ पुष्कळदा एकच नसतो. लेख लिहायचा तो जानेवारीतल्या संघाबद्दल. पुढचं सगळं याच धोरणाने वाचा.

आधी नियमांतला फरक, कारण भारतात खेळलेल्या माणसाची नजर इथे चुकते. हायस्कूलचा सामना आठ मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे ३२ मिनिटांचा असतो. आपल्याकडच्या ४० मिनिटांचा नाही. कोर्ट ८४ बाय ५० फूट, म्हणजे २८ मीटरच्या कोर्टपेक्षा सुमारे अडीच मीटर आखूड. तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर, म्हणजे साधारण ६.०२ मीटर, आपली ६.७५. मुलींचा चेंडू तोच, सहा नंबरचा. पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर, हेही तेच. सांघिक फाऊलचा राष्ट्रीय नियम २०२३-२४ पासून बदलला: पूर्वी अर्ध्या सामन्याचे फाऊल एकत्र मोजले जायचे आणि सातव्यापासून एक फ्री थ्रो, तो पडला तरच दुसरा, अशी पद्धत होती. आता प्रत्येक क्वार्टरला मोजणी शून्यावर येते आणि पाचव्या फाऊलपासून सरळ दोन फ्री थ्रो. हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. जुन्या वर्षांचे फ्री थ्रोचे आकडे नव्याशी ताडताना मात्र हा बदल लक्षात ठेवा. शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ) कॅलिफोर्नियात बऱ्याच वर्षांपासून आहे. बाकीच्या राज्यांना तो वापरण्याची राष्ट्रीय परवानगी २०२२-२३ पासून मिळाली, पण सगळ्यांनी तो घेतलेला नाही. संघ डिसेंबरात परराज्यातल्या स्पर्धेला गेला असेल तर तिथे क्लॉक होता की नाही, हे बघून मगच त्या गुणसंख्येला वजन द्या.

वेळापत्रकाचा आराखडा असा. सराव नोव्हेंबरात सुरू होतो, पहिले सामने त्याच महिन्याच्या उत्तरार्धात. डिसेंबर लीगबाहेरचे सामने आणि स्पर्धा यांत जातो. नाताळनंतर ईस्ट बेमध्ये (सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडच्या भागात) भरणारी वेस्ट कोस्ट जँबोरी ही त्यातली मुलींची मोठी स्पर्धा. बहुतेक लीग जानेवारीच्या आसपास लागतात. सात संघ असतील तर प्रत्येकाशी घरी आणि बाहेर मिळून १२ सामने. मग फेब्रुवारीत सेक्शनचे (प्रादेशिक विभागाचे) प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, आणि मार्चमध्ये राज्याचे अंतिम सामने. कॅलिफोर्नियाच्या आंतरशालेय महासंघाचे दहा सेक्शन आहेत. तुमचा सेंट्रल कोस्ट. लेखातली सगळी भाकितं फक्त या १२ सामन्यांबद्दल ठेवा. प्लेऑफपर्यंत जाऊ नका.

९-२ आणि ४-७

कागदावर किंवा शीटवर प्रत्येक संघासाठी एक तक्ता करा. डिसेंबरातल्या प्रत्येक सामन्याची एक ओळ: तारीख, प्रतिस्पर्धी, घरी की बाहेर की त्रयस्थ कोर्टवर, गुणांचा फरक, आणि कोण खेळलं नाही. फरक २० च्या वर गेला तरी २०च लिहा. ४५ गुणांनी जिंकलेला सामना २० गुणांनी जिंकलेल्यापेक्षा काही वेगळं शिकवत नाही. तेव्हा बेंचवरच्या मुली खेळत असतात, आणि कित्येक ठिकाणी मोठी आघाडी झाली की शेवटच्या क्वार्टरला घड्याळ न थांबता चालतं.

मग प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा सरासरी फरक काढा, तोही २० ला छाटून, आणि तुमच्या संघाबरोबरचा सामना त्यातून वगळून. संघाचा स्वतःचा सरासरी फरक अधिक प्रतिस्पर्ध्यांचा सरासरी फरक, एवढंच गणित. समजा ९-२ वाल्याचा फरक +९ आहे, पण त्याचे प्रतिस्पर्धी सरासरी −८ आहेत; उत्तर +१. ४-७ वाला −३ वर आहे, पण खेळला +७ च्या संघांशी, उत्तर +४. म्हणजे दुसरा संघ तीन गुणांनी सरस. तीन गुण म्हणजे काही फार नव्हे, पण तक्त्यातल्या अंतराचा अर्थ उलटा झाला, आणि लेखाला तेवढं पुरतं. यात घरच्या कोर्टसाठी दोन-तीन गुणांहून जास्त वजावट करू नका.

इथे तुमच्या भागातली एक खास अडचण येते. वेस्ट कॅथलिक ॲथलेटिक लीगमधल्या शाळा, त्यातही आर्चबिशप मिटी, आजूबाजूच्या सरकारी शाळांच्या वेळापत्रकात अधूनमधून येतात. मिटी २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी राज्याच्या ओपन डिव्हिजनच्या (सर्वांत वरच्या गटाच्या) अंतिम फेरीत होती आणि दोन्ही वेळा एटिवांडा हायस्कूलकडून हरली. अशा संघाकडून कुणी ४० गुणांनी हरलं तर त्यातून त्या संघाबद्दल जवळपास काहीच कळत नाही. अशा सामन्याची ओळ तक्त्यात ठेवा, सरासरीतून काढा. उलट, समान प्रतिस्पर्धी सापडले तर ते सोनं. लीगमधल्या दोन संघांनी डिसेंबरात एकाच तिसऱ्या संघाशी सामना केला असेल, आणि दोन्ही सामने दहा-पंधरा दिवसांच्या आत झाले असतील, तर त्या दोन ओळी शेजारी मांडा.

व्यक्तिगत गुणांच्या आकड्यालाही हेच लागू. १९८२ मध्ये रिव्हरसाइड पॉलीच्या शेरिल मिलरने एका सामन्यात १०५ गुण केले. १९९० मध्ये इंगलवुडच्या मॉर्निंगसाइडच्या लिसा लेस्लीने पहिल्या अर्ध्या भागात, म्हणजे १६ मिनिटांत, १०१ केले, आणि समोरचा संघ दुसऱ्या भागासाठी उतरलाच नाही. दोघींनी पुढे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं, हे जगाला माहीत आहे. पण त्या दोन रात्रींचे आकडे समोरच्या संघाबद्दलही तेवढंच सांगतात. तुमच्या लीगमधल्या कुणा मुलीचा ३८ गुणांचा सामना दिसला की आधी समोर कोण होतं ते पाहा.

कोण परत आलं

गेल्या वर्षीचा क्रम हा पूर्वलेखातला (लीग सुरू होण्याआधीच्या अशा लेखातला) सगळ्यात आळशी आधार. बारावीच्या मुली गेल्या की संघ बदलतो, आणि मुलींच्या संघांत तर दहा-अकराच खेळाडू असतात. दोन गेल्या तरी पाया हलतो. शिवाय सांता क्लारा व्हॅली ॲथलेटिक लीगसारख्या ठिकाणी डी ॲन्झा हा वरचा आणि एल कमिनो हा खालचा, असे दोन विभाग आहेत आणि कामगिरीनुसार संघ वर-खाली होतात. मग गंमत अशी होते की, ज्या बारावीच्या मुलींनी खालचा विभाग जिंकून संघाला वर नेलं, त्या कॉलेजात गेलेल्या असतात आणि वरच्या विभागातला मार नववी-दहावीच्या मुली खातात. नव्याने वर आलेल्या संघाबद्दल लिहिताना हे पहिलं तपासा.

परतीचा हिशोब मिनिटांनी करता आला तर उत्तम. पण हायस्कूलमध्ये मिनिटं क्वचितच नोंदलेली असतात. म्हणून तीन वाटे वेगवेगळे काढा: गुणांचा, रिबाउंडचा (चुकलेल्या शॉटनंतर चेंडू पकडणं) आणि असिस्टचा (ज्यावर लगेच बास्केट होते तो पास). उदाहरणार्थ, गेल्या वर्षी संघाने एकूण १२०० गुण केले आणि त्यातले ७८० करणाऱ्या मुली परत आल्या, तर ६५ टक्के. आकडा छान दिसतो. पण गेल्या वर्षीच्या निम्म्याहून जास्त असिस्ट एकाच पॉइंट गार्डचे असतील आणि ती बारावी होऊन गेली असेल, तर परत आलेल्या ६५ टक्क्यांना चेंडू पोचवणारं कुणी उरलेलं नाही. मुलींच्या हायस्कूल बास्केटबॉलमध्ये गेलेली गार्ड गेलेल्या सेंटरपेक्षा महाग पडते, हे माझं ठाम मत. उंच मुलगी गेली तर झोन (प्रत्येकीने आपापला भाग राखायचा बचाव) लावून, सगळ्यांनी बॉक्स-आउट करून (अंगाने समोरचीला बास्केटपासून अडवून) काही दिवस निभावतं. चेंडू पुढे नेणारीच नसेल तर शॉटपर्यंत गाडी जातच नाही.

नववीच्या मुलींकडे दुर्लक्ष करू नका. मुलांच्या खेळात नववीतल्या मुलाला बारावीतल्यांच्या अंगापुढे टिकणं जड जातं. मुलींमध्ये हा फरक कमी असतो, त्यामुळे चौदा वर्षांची मुलगी पहिल्या पाचात दिसणं नेहमीचं आहे. गेल्या वर्षीच्या आकड्यांत तिचं नावच नसतं, म्हणून नुसत्या आकड्यांवर विसंबलेला लेख तिला हमखास चुकतो.

आकडे: कुठले घ्यायचे, कुठले नाही

मॅक्सप्रेप्सवर (हायस्कूल खेळांची वेबसाइट) वेळापत्रक आणि गुणसंख्या मिळते, आणि ती बहुतेक बरोबर असते. खेळाडूंचे आकडे मात्र ज्या त्या संघाकडून भरले जातात. काही संघ सगळं भरतात, काही फक्त गुण, काही काहीच नाही. असिस्ट आणि स्टील (हिसकावलेले चेंडू) यांत हात सैल असतो. एक साधी पडताळणी आहे. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून जेवढे शॉट चुकले, अधिक शेवटचे चुकलेले फ्री थ्रो, साधारण तेवढेच दोन्ही संघांचे मिळून रिबाउंड असायला हवेत. चेंडू बाहेर गेलेले वगळता थोडे कमीच. एका संघाच्या नावावरच त्याहून जास्त रिबाउंड असतील तर त्या शाळेचे आकडे वापरू नका.

टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेले चेंडू) बहुतेक तक्त्यांत नसतात, आणि नेमका तोच सगळ्यात कामाचा आकडा. त्यासाठी प्रत्येक संघाचा निदान एक सामना, शक्य तर दोन, स्वतः मोजा. कित्येक शाळांचे सामने एनएफएचएस नेटवर्कवर (शालेय सामने ऑनलाइन दाखवणारी सेवा) पैसे भरून दिसतात. नाहीतर जिममध्ये जा. वही आडवी धरा, दोन संघांना दोन बाजू. प्रत्येक बाजूला सहा रकाने: शॉट, तीनचे शॉट, फ्री थ्रो, ऑफेन्सिव्ह रिबाउंड (स्वतःच्याच चुकलेल्या शॉटनंतर परत मिळवलेला चेंडू), आणि टर्नओव्हर दोन प्रकारचे. पहिला प्रकार, चेंडू हातातून हिसकावला गेला किंवा पास मधेच अडवला गेला. दुसरा, ट्रॅव्हल (चेंडू न आपटता पावलं टाकणं), रेषेबाहेर, वगैरे, ज्यात खेळ थांबतो. दोन्हींत चेंडू जातोच; पण पहिल्यातून समोरच्यांना बहुधा मोकळा ले-अप मिळतो, दुसऱ्यात निदान बचाव मागे जाऊन उभा राहू शकतो. वीस टर्नओव्हर करणाऱ्या दोन संघांत पंधरा पहिल्या प्रकारचे असलेला संघ जास्त अडचणीत.

मग पझेशन (चेंडू किती वेळा ताब्यात आला) काढा: शॉट अधिक टर्नओव्हर अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड. (०.४४ अशासाठी की फ्री थ्रो बहुधा जोडीने येतात, पण बास्केट झाल्यावरचा एकटा आणि टेक्निकल फाऊलचे (गैरवर्तनासारख्या चुकांचे) फ्री थ्रो वेगळं पझेशन खात नाहीत.) समजा ५८ शॉट, २० टर्नओव्हर, १६ फ्री थ्रो, १४ ऑफेन्सिव्ह रिबाउंड: ५८ + २० + ७ − १४ = ७१ पझेशन. गुण ५०, म्हणजे दर पझेशनला ०.७०. यातली २० टर्नओव्हरमध्ये गेली. उरलेल्या ५१ मध्ये ५० गुण आले, जवळजवळ एकेक. म्हणजे या संघाने सहा टर्नओव्हर वाचवले तर नेमबाजी तसूभरही न सुधारता सहाएक गुण वाढतात, आणि समोरच्यांचे मोकळे ले-अप कमी होतात ते वेगळे. हायस्कूलमध्ये नेमबाजी एका महिन्यात सुधारत नाही. प्रेस (पूर्ण कोर्टवर दबाव टाकणारा बचाव) मोडायची पद्धत मात्र नाताळच्या सुट्टीतल्या सरावात सुधारते. म्हणून खराब नेमबाजीमुळे हरलेला संघ आणि टर्नओव्हरमुळे हरलेला संघ यांत जानेवारीत वर येण्याची शक्यता दुसऱ्याची जास्त, जर गार्ड अनुभवी असतील तर.

तीनच्या शॉटच्या टक्केवारीवर डिसेंबरात विश्वास ठेवू नका. कुणी ६० पैकी २० टाकले, ३३ टक्के. एवढ्या थोड्या शॉटमध्ये सहा-सात टक्के इकडे-तिकडे निव्वळ योगायोगाने होतात. ती मुलगी खरी २७ टक्क्यांची असेल किंवा ३९ चीही. किती शॉट घेते, हे टक्क्यांपेक्षा जास्त बोलतं: जी सामन्याला सहा घेते तिला समोरचे मोकळं सोडत नाहीत, आणि त्याने आत जागा होते. संघाच्या फ्री थ्रोचा आकडा तुलनेने विश्वासाचा, कारण प्रत्येक फ्री थ्रो सारख्याच अंतरावरून, कुणी अंगावर नसताना असतो. पाचव्या सांघिक फाऊलपासून सरळ दोन मिळत असल्यामुळे अटीतटीच्या सामन्यात ५० टक्के आणि ६५ टक्के यांतला फरक दिसतो.

जिममध्ये काय बघायचं

चेंडूकडे बघू नका, असं म्हणणं सोपं आहे. पण या वयोगटात चेंडूकडे नीट बघणंच बरं. बास्केट झाल्यावर समोरच्यांनी पूर्ण कोर्टवर प्रेस लावला, मग खेळाडूंची मांडणी २-२-१ असो की १-२-२, तर चेंडू आत कोण घेतं? तिला दोघींनी घेरलं तर दुसरी कोण पुढे येते? ही दुसरी हाताळणारी ज्या संघात आहे तो संघ लीगमध्ये वरच्या अर्ध्यात असतो, एवढं धाडसाने लिहायला हरकत नाही. ती नसेल तर पहिलीचा चौथा फाऊल झाल्यावर काय होतं ते बघायला थांबा.

झोनविरुद्ध संघ काय करतो हे दुसरं. हायस्कूल मुलींच्या खेळात २-३ झोन सर्रास लावतात, कारण तीनचे शॉट सातत्याने टाकणाऱ्या मुली थोड्या. फ्री थ्रो रेषेपाशी, झोनच्या पोटात चेंडू घेऊन वळणारी एक खेळाडू असेल तर झोन उकलतो. नसेल तर चेंडू बाहेरच्या बाहेर फिरत राहतो, शॉट क्लॉक शेवटच्या पाच सेकंदांत येतो आणि कुणीतरी लांबून फेकतं. तिसरं, टाइमआउटनंतरची पहिली चाल आणि बास्केटखालून आत टाकायचे चेंडू. यातून सराव किती झालाय ते कळतं. चौथं, बेंचवरून पहिली कोण येते आणि ती आली की फरक वाढतो की घटतो.

सामना सुरू होण्याआधीच्या वॉर्मअपवरून मतं बनवू नका. उंचीवरूनही नाही. रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीवर) छापलेली उंची हा अर्धा सत्याचा आणि अर्धा आशेचा मामला असतो. पायाची हालचाल आणि चेंडू पकडणारे हात छापत नाहीत, पण रिबाउंड त्यांच्यावर ठरतात.

डिसेंबर ते जानेवारी: काय बदलतं

इथेच बहुतेक पूर्वलेख फसतात. मुलींच्या व्हॉलीबॉलचे प्लेऑफ नोव्हेंबरात लांबतात आणि उत्तम व्हॉलीबॉलपटूंपैकी काही बास्केटबॉलच्या पोस्ट (बास्केटजवळच्या) खेळाडू असतात. ज्या शाळेचा व्हॉलीबॉल संघ पुढपर्यंत गेला, तिचा बास्केटबॉल संघ डिसेंबरच्या सुरुवातीला अर्धा असतो. फ्लॅग फुटबॉल २०२३-२४ पासून मुलींचा अधिकृत खेळ झाल्यापासून तिकडूनही हेच होतं. तक्त्यातला "कोण खेळलं नाही" हा रकाना यासाठी. अशा संघाचे पहिले तीन-चार सामने वेगळ्या रंगात ठेवा आणि सरासरी दोनदा काढा, ते धरून आणि सोडून.

शाळा बदलून आलेल्या मुलींचं दुसरं. घर न बदलता शाळा बदलली तर कॅलिफोर्नियात साधारण अर्धा मोसम बाहेर बसावं लागतं, आणि तो काळ डिसेंबरअखेरीच्या सुमारास संपतो. म्हणजे डिसेंबरच्या एकाही आकड्यात नसलेली मुलगी लीगच्या पहिल्या सामन्यात पहिल्या पाचात उभी असू शकते. बेंचवर कपडे करून बसलेली, टाळ्या वाजवणारी, पण रोस्टरवर आकडे नसलेली मुलगी दिसली की कोचला विचारा, ती कधीपासून खेळणार. का खेळत नाही, हे विचारू नका.

अभ्यासाचंही तसंच. महासंघाच्या नियमाप्रमाणे खेळायला ४.० पैकी किमान २.० गुण-सरासरी लागते आणि सत्राचा निकाल लागला की कुणाची पात्रता जाते, कुणाची येते. दुखापतींत गुडघ्याच्या लिगामेंटची मुलींमध्ये जास्त आढळते. ती झाली की परतायला नऊ महिने किंवा जास्त लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात जखमी झालेली मुलगी "लवकरच येईल" असं कुणी म्हटलं तरी तिच्यावर भाकीत रचू नका. घोट्याची दुखापत वेगळी, दोन-तीन आठवड्यांत पुष्कळ जणी परततात. जेव्हीतून (शाळेच्या दुय्यम संघातून) वर घेतलेल्या मुली हा शेवटचा मुद्दा; त्यांच्यामुळे क्रम क्वचितच बदलतो.

कोचला काय विचारायचं

लेखाच्या दहा-बारा दिवस आधी सातही कोचना एकच ईमेल, शाळेच्या पत्त्यावर, वृत्तपत्राच्या सल्लागार शिक्षकांना प्रत टाकून. पाचापेक्षा जास्त प्रश्न नकोत. "यंदा संघ कसा आहे?" विचारलं तर "मुली तरुण आहेत, खूप मेहनत घेतायत" हेच उत्तर सातदा येईल. त्याऐवजी: गेल्या वर्षीपेक्षा कुणाची भूमिका बदलली? गेलेल्या बारावीच्या मुलींचं कुठलं काम अजून कुणी उचललेलं नाही? डिसेंबरचं वेळापत्रक असं का आखलं? कुठल्या सामन्यात तुमचा संघ तुम्हाला हवा तसा खेळला? जानेवारीत रोस्टरमध्ये कुणाची भर पडणार आहे? शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की तो सामना शोधून बघा. कोचच्या मनातला संघ त्यात दिसतो. दोघे-तिघे उत्तर देणारच नाहीत. त्यांच्या संघाला म्हणून कमी जागा देऊ नका.

लिहिताना

एक ते सात असा क्रम लावू नका. तुमच्या गणितातलं अंतर तीन-चार गुणांपेक्षा कमी असेल तर तिसरा आणि चौथा ठरवण्याइतकी माहिती कुणाकडेच नसते. गट करा: विजेतेपदासाठी झगडणारे, मधले, आणि बांधणी चाललेले. प्रत्येक संघाला १२० ते १५० शब्द. पहिल्या वाक्यात त्या संघाची एक ठोस गोष्ट, मग कोण परत आलं, काय बदललं, आणि लीगमधला कुठला सामना त्यांचा कस लावेल. नमुना असा:

"गेल्या मोसमातल्या गुणांपैकी दोन तृतीयांश गुण करणाऱ्या मुली परत आल्या आहेत, पण चेंडू पुढे नेणारी बारावीची गार्ड गेली. डिसेंबरात दोन अकरावीच्या मुलींनी ते काम वाटून घेतलं. पहिल्या स्पर्धेत प्रेससमोर संघ अडखळला, शेवटच्या स्पर्धेत टर्नओव्हर लक्षणीय कमी झाले. ४-७ हा आकडा फसवा आहे. सातपैकी पाच पराभव वरच्या विभागातल्या संघांकडून. पूर्ण कोर्ट प्रेस करणाऱ्या गतविजेत्यांशी पहिल्याच आठवड्यात गाठ आहे."

यात एकही विशेषण फुकट नाही आणि कुणा मुलीला कमी लेखलेलं नाही. खेळाडू चौदा ते अठरा वर्षांच्या आहेत. "संघाचा कच्चा दुवा" असं नाव घेऊन लिहिलेलं वाक्य ती मुलगी, तिची आजी आणि पुढे कॉलेजचे कोच सगळे वाचतात. उणीव संघाची लिहा, कौतुक नावाने लिहा. वजन, मार्क, दुखापतीचा तपशील, शाळा बदलण्याचं कारण यातलं काहीही छापायचं नाही, माहीत असलं तरी. नाव, इयत्ता, जर्सीचा नंबर आणि खेळातली भूमिका पुरे. नावांची स्पेलिंग शाळेच्या रोस्टरवरून तपासा, मॅक्सप्रेप्सवरून नव्हे; चार-पाच अक्षरांच्या भारतीय आडनावांचीही तिथे वाट लागलेली असते.

आणि स्वतःच्या शाळेचा संघ? मुलगी त्याच शाळेची आहे, तेव्हा तिच्या संघाचा परिच्छेद सगळ्यात शेवटी लिहावा, आणि गणित दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं. स्वतःच्या संघाचे दहा सामने पाहिलेले असतात, इतरांचे एक-दोन. त्यामुळे त्याच्या उणिवाही जास्त दिसतात आणि माफही जास्त होतात.

लेख डिसेंबरातली शेवटची स्पर्धा संपल्यावर आणि लीगच्या पहिल्या सामन्याआधी निघायला हवा. या दोहोंत कधीकधी चार-पाच दिवसच मिळतात, तेही सुट्टीचे. म्हणून तक्ते आणि परतीचा हिशोब सुट्टीआधी पुरा करून ठेवा, शेवटच्या स्पर्धेच्या ओळी तेवढ्या नंतर भरा. छापायच्या आदल्या दिवशी सातही शाळांचे रोस्टर पुन्हा उघडा आणि एखादं नवं नाव आलंय का ते बघा.